बॅटरीला धाक हवा

३ एप्रिल, सकाळी ९

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा. म्हणून ही वही. मुळात मला राग येत नाही. मला लोकांच्या चुका दिसतात आणि आवाज जन्मजात मोठा आहे, एवढंच. बस डेपोत तीस वर्षं माइकवर काढली. सगळे मला भोंगा म्हणत. प्रेमाने.

आजपासून नवीन आयुष्य. फ्लॅट वर्षभरासाठी भाड्याने दिला, जुनी मोटरहोम घेतली आणि तळ्याकाठच्या कॅम्पवर चौदा नंबरच्या जागेत आणून लावली. आत पलंग, ओटा, फ्रिज, पंखा, दिवे. हे सगळं इंजिनच्या बॅटरीवर चालत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या हाउस बॅटऱ्या आहेत, बाकाखालच्या पेटीत. विजेचा प्लग असलेल्या जागाही होत्या. काउंटरवरची बाई म्हणाली, नवीन आहात, प्लग घ्या. म्हटलं, मी डेपोतला माणूस आहे. ती म्हणाली, बरं, पण ओरडू नका. मी ओरडलो नव्हतो.

हिची एकच अट. वर्षभर गाडीत राहीन, पण कुठल्याही जिवंत माणसावर हात उचललात तर सरळ भावाकडे जाईन. मान्य केली. अगदीच सोपी आहे.

५ एप्रिल, संध्याकाळी ७

बॅटऱ्या मेल्या. दिवे आधी पिवळे झाले, मग लाल, मग रामराम. फ्रिजमधलं दूध फुटलं. दोन दिवसांत! बसच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं चालायच्या. निदान मी तरी कधी तक्रार ऐकली नाही. माइकवर असताना ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचलं. म्हणे बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नका, आयुष्य घटतं. म्हणजे अर्धी वापरायची आणि अर्धी पूजेला ठेवायची? पुस्तक तळ्यात भिरकावलं. एका बदकाला लागलं. बदक जिवंत माणसात मोडत नाही.

बाकाला लाथ मारली. म्हणजे पाय घसरला. अंगठ्याचं नख अर्धं निघालंय.

६ एप्रिल, दुपारी १

साधा उपाय. इंजिन चालू ठेवायचं, त्यावर बॅटऱ्या भरतात. पहाटे सहाला सुरू केलं, अकरापर्यंत चालवलं.

शेजारी, पंधरा नंबरमध्ये, एक टोपीवाला राहतो. बायकोसह. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता म्हणे. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपण बहिरे आहोत असं वाटावं. तो दहाच्या सुमाराला आला. म्हणाला, धूर आमच्या खिडकीत येतोय, आणि जागच्या जागी इंजिन चालवून ह्या बॅटऱ्या नीट भरतही नाहीत, दुसऱ्या पद्धती आहेत, सांगू का.

माझ्या हातात झाडू होता. सहज. तो मोडला, तोही सहज, गाडीच्या कडेवर. मग त्याची टोपी उडाली आणि सायलेन्सरखाली गेली. जळली. त्याची कॉलर माझ्या मुठीत आली. कॉलर म्हणजे माणूस नव्हे.

ही दारात उभी होती. म्हणाली, हे मी बघितलं नाही असं धरते. एकदाच.

टोपीवाल्याने दुपारी दुसरी टोपी घातली. म्हणजे त्याचं काही अडलं नाही.

८ एप्रिल, दुपारी ४, डाव्या हाताने

आज मेंटेनन्स. बॅटरीतलं पाणी आटलं होतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालतात. मी नळाचं घातलं. माणसं पितात, बॅटरी काय राजघराण्यातली आहे?

मग टर्मिनल घट्ट करायला घेतलं. पान्याचं एक टोक एका टर्मिनलवर, दुसरं टोक माझ्या अंगठीला टेकलं आणि अंगठी दुसऱ्या टर्मिनलला. ठॉक असा आवाज. निळा जाळ. लोखंड लाल होतं तशी अंगठी लाल झाली आणि बोट आत शिजायला लागलं. मी ओरडलो ते तळ्यापलीकडे ऐकू गेलं असं काउंटरवरची बाई म्हणाली. आता खरंच ओरडलो होतो, मान्य.

दवाखान्यात नर्सने अंगठी कटरने कापली. लग्नातली. चौतीस वर्षं बोटात होती. कापताना कातडीही थोडी बरोबर आली. हिला आत बोलावलं, ही बाहेरच बसली. रक्त बघवत नसावं.

परत आल्यावर पान्याने दोन्ही बॅटऱ्यांना चार-चार दणके दिले. डावीच्या झाकणाला तडा गेला. इतके दिवस लाड केले, हेच चुकलं. माणूस असो की यंत्र, धाक हवा.

१० एप्रिल, सकाळी ८

लिहायला हात शिवशिवतोय. मीटर लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट! म्हणजे बॅटऱ्या काठोकाठ भरल्यात. काल इंजिन एक मिनिटही चालू केलं नव्हतं.

धाक बसला.

हिला सांगितलं. ही म्हणाली, हो का, छान. चहा गाळत होती, मान वर केली नाही.

१२ एप्रिल

आजही बारा पॉइंट सहा. पंखा दिवसभर, फ्रिज दिवसभर, इन्व्हर्टर तर मी बंदच करत नाही, त्याचा हिरवा दिवा डोळ्यांना बरा वाटतो. तरी बॅटऱ्या भरलेल्या. रोज सकाळी बाक उघडतो, पाना दाखवतो, दोन शब्द सुनावतो, बाक बंद करतो. शास्त्र मी नाकारत नाही, पण शास्त्राला डेपोचा अनुभव नाही.

तंबूवाल्या एका जोडप्याला हे समजावून सांगितलं. दीड तास. बाई मध्येच रडायला लागली. तिला कुठेतरी जायचं होतं आणि मी गाडीच्या दारात हात आडवा ठेवला होता. नवऱ्याने मला ढकललं, मी त्याच्या तंबूचे खुंटे उपटले. खुंटे म्हणजेही माणूस नव्हे.

१३ एप्रिल, संध्याकाळी ६

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणून सगळ्या जगाच्या तारा आपल्याच मालकीच्या समजतो. हिनेच बोलावलं असावं.

त्याने बाक उघडला. तडा बघितला. मीटर लावला. म्हणाला, भाऊजी, असल्या मार खाल्लेल्या बॅटऱ्या आपोआप भरत नसतात. कुणीतरी भरतंय. मग ताईकडे बघितलं. ही भांडी घासत राहिली.

पुढे त्याची शिकवणी. म्हणे, जोरात भरायची नाही, हळूहळू भरायची, आणि शेवटचं तर अगदी सावकाश. पेटीला हवा लागते, आत गॅस होतो, खालचं भोक बुजवू नका. इन्व्हर्टर बंद करा, रिकामाच बॅटरी पितोय. मी ऐकून घेतलं. साडेचार मिनिटं ऐकून घेतलं, घड्याळ समोर होतं. मग तो म्हणाला, भाऊजी, तुमच्याने हे व्हायचं नाही, मी करून देतो.

जंप केबलचा लाल चिमटा हाताशी होता. तो त्याच्या कानाला लावला. स्प्रिंगचा चिमटा, ट्रकच्या बॅटरीचा. दात पाळीत रुतले. तो किंचाळला, चिमटा धरून मागे ओढला, त्याबरोबर पाळीचा तुकडा. मी काळा चिमटा शोधत होतो तेवढ्यात त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. समोरचा दात गेला. दात आधीपासून हलत होता. मी त्याला ओट्यावर आपटलं, त्याने मला फ्रिजवर. फ्रिजचं दार निखळलं. टोपीवाला आत घुसला आणि आम्हाला सोडवलं. त्याच्याही पोटात कोपर बसलं. कुणाचं ते नक्की सांगता येणार नाही.

मेहुणा कानाला फडकं लावून निघाला. म्हणाला, ताई, चल. ही म्हणाली, मला दोन दिवस लागतील आवरायला.

दोघांनीही मारलं, तेव्हा हे हात उचलणं होत नाही. देवाणघेवाण झाली.

१४ एप्रिल

ही कपडे आवरतेय. पूर्ण कपाट रिकामं करून घड्या घातल्या. चांगली सवय आहे. माणसाने अधूनमधून आवरावं.

बोलत नाही. पण मीही बोलत नाहीये, त्यामुळे बरोबरी.

मीटर: बारा पॉइंट पाच. का? काल गडबडीत सुनावलं नव्हतं.

१५ एप्रिल, सकाळी १०

मेहुण्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कुणीतरी भरतंय. म्हणजे कुणीतरी आपल्या बॅटरीपर्यंत पोचतंय. म्हणून आज गाडीखाली आडवा झालो.

वायर! जाड, काळी. पेटीच्या खालच्या भोकातून बाहेर आलेली, गवतातून लपवत नेलेली, थेट पंधरा नंबरपर्यंत. टोपीवाल्याच्या सोलर पॅनेलखाली नाहीशी. गोड बोलतो, दोन-दोन टोप्या बाळगतो, आणि माझा करंट चोरतो! माझ्या धाकाने भरलेल्या बॅटऱ्या!

दोघं फिरायला गेले आहेत. आता लिहून झालं. डॉक्टरांचं ऐकलं. उठतो.

१५ एप्रिल, दुपारी १२

वायर ओढून काढली, सुऱ्याने तुकडे केले. भोकात माझा जुना बनियन कोंबला. चोराची वाट बंद. मग तंबूचा लाकडी हातोडा घेऊन पॅनेल फोडलं. पहिल्या घावाला काच नुसती जाळीदार झाली. पुढचे वीस-बावीस घाव मोजले नाहीत. स्टँड वाकवला. शेजारची खुर्चीही मोडली, ती मध्ये आली.

तळहात कापलाय. छान वाटतंय. बऱ्याच दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल, दुपारी ३

जसं घडलं तसं लिहितो. वही माझीच आहे.

ती दोघं परत आली. टोपीवाल्याने काचा बघितल्या. वाकून वायरचा एक तुकडा उचलला. त्याची बायको म्हणाली, अहो, पण ही वायर तर तुमच्याकडे जात होती. तुमच्या बॅटऱ्या भरायला.

मी म्हणालो, खोटं. ती म्हणाली, तुमच्या मिसेसना विचारा.

ही बॅग घेऊन पायरीवर उभी होती. म्हणाली, नऊ तारखेपासून. मीच हात जोडले त्यांना. तुमच्या गाडीतले दिवे त्यांच्या पॅनेलवर चालत होते. अंगठीच्या दिवशी तुम्ही त्या बॅटऱ्यांना मारत होतात, तेव्हा मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, लहान मुलासारखी. बॅटरी संपली की तुम्ही चिडता. तुम्ही चिडलात की मी दिवसभर तुमच्या वाटेतून बाजूला होत राहते. म्हटलं, बॅटरी संपूच द्यायची नाही. चौतीस वर्षं हेच करतेय, कधी दूध संपू द्यायचं नाही, कधी इस्त्री.

एवढं लांब ती सलग कधी बोलली नव्हती. निदान मी ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. ती हसली. मेहुण्याची गाडी फाटकाशी आली होती. त्याच्या कानाला पट्टी.

ती टोपीवाल्याच्या बायकोला मिठी मारून गेली. माझ्याजवळून जाताना लांबून वळसा घेतला, चावऱ्या कुत्र्याला घेतात तसा.

मी हात उचललाच नव्हता. हातात हातोडा होता म्हणून तसं दिसलं असेल.

१६ एप्रिल

ठरवलं. बॅटऱ्या स्वतः भरायच्या, तिला फोटो पाठवायचा. परत येईल. कुणाच्या उपकाराशिवाय भरलेली बॅटरी म्हणजे पुरावा.

मीटर: अकरा पॉइंट आठ. आज सुनावलं. फरक नाही.

डेपोतल्या जुन्या सहकाऱ्याकडून भंगारातला चार्जर आणला. बसचा. दोन माणसांनी उचलायचा, मी एकट्याने उचलला, कंबरेत लचक. चोवीस व्होल्ट. माझ्या बॅटऱ्या बाराच्या. दुप्पट ताकद म्हणजे अर्ध्या वेळेत काम.

१७ एप्रिल, दुपारी ३

कॅम्पच्या कपडे धुण्याच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढली. चार्जर जोडला. काय आवाज! बॅटऱ्या आत खदखदतायत, आधणाच्या पाण्यासारख्या. बाक बंद केला, वर गादी टाकली, आवाज कमी व्हावा म्हणून. पेटीचं भोक बुजवलेलंच आहे, काही बाहेर जाणार नाही.

सडक्या अंड्यांचा वास येतोय. टोपीवाल्याकडूनच असणार. तो आत्ता दार वाजवत होता. म्हणत होता, बंद करा, आधी भिंतीवरचं बटण बंद करा, आणि चिमट्याला हात लावू नका. ज्याचं पॅनेल फोडलं तो उलटाच सल्ला देणार, एवढं मला कळतं. त्याला पाना फेकून मारला. खांद्याला लागला.

आता चिमटा काढून मीटर बघतो. भरल्या असतीलच.

२१ एप्रिल, हॉस्पिटल

कान अजून वाजतायत. उजव्या डोळ्यावर पट्टी.

चिमटा काढताना ठिणगी पडली. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतंय. बाकाची फळी माझ्या छातीवर आली. खिडकी बाहेर गेली, चौकटीसकट. बॅटरीचं झाकण छतात रुतलं. तोंडावर गरम पाणी उडालं असं वाटलं. ते पाणी नव्हतं. कातडी पेटली, डोळे पेटले. जिभेवर लिंबासारखी चव, मग रक्ताची.

कुणीतरी मला पाय धरून ओढत बाहेर नेलं, पायरीवर डोकं आपटलं, आणि नळाखाली धरलं. डोळ्यांत धार. मी समजलो, टोपीवाला पॅनेलचा सूड घेतोय, बुडवून मारतोय. लाथा मारल्या. नखं मारली. त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात आत जाईपर्यंत. त्याने सोडलं नाही. हळू आवाजात सारखं मोजत होता. वीस मिनिटं धरायचं असतं म्हणे. त्याची बायको बादल्या ओतत होती आणि रडत होती.

डॉक्टर म्हणाल्या, डोळा वाचला तो पाण्यामुळे, कुणी धरलं तुम्हाला. मी म्हटलं, मी स्वतःच नळाखाली बसलो. नर्सने माझ्याकडे बघितलं. शेजारच्या पलंगावर टोपीवाला बसला होता, मनगटाला सात टाके घालून घेत.

३ मे, सकाळी ११

हॉस्पिटलमधून सुटलो तेव्हा मला न्यायला टोपीवालाच आला. फ्लॅटमध्ये भाडेकरू. टोपीवाल्याच्या गाडीला बाजूने कापडी मांडव आहे, तिथे खाट टाकलीय. तात्पुरती. त्याच्या बायकोची अट, आतल्या दाराला हात लावायचा नाही. रात्री त्या आतून कडी लावतात. मला काही फरक पडत नाही.

आज ही आली, मेहुण्याबरोबर. मी दाढी केली होती. म्हटलं, आली. घोडं गंगेत न्हालं.

ती सरळ आमच्या गाडीकडे गेली. आठवडाभर मेहुणा येऊन तिथे काम करत होता. खिडकी नवीन, बाक नवीन, दोन नव्या बॅटऱ्या, मापाचा चार्जर, छपरावर छोटं पॅनेल. मला वाटलं होतं माझ्यासाठी. मी जवळ गेलो तर तो बोलायचा नाही, नुसता कान पुढे करायचा. पाळीला खाच आहे.

आज त्याने हिला सगळं दाखवलं. कुठे काय बघायचं, कधी काय बंद करायचं. ही वहीत लिहून घेत होती. प्रश्न विचारत होती. तिला कळत होतं! मी म्हणालो, हिला नका सांगू एवढं, हिचा गोंधळ होतो. कुणी मागे वळून बघितलं नाही.

मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी म्हटलं, अगं, तुला कुठे येते. मेहुणा म्हणाला, येते, सहा वर्षं झाली, माझ्याकडे शिकली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही शेजारी बसला असतात.

गाडी तिच्या नावावर आहे. नोंदणीच्या दिवशी रांग मोठी होती, मीच तिला उभं केलं होतं.

मी बोनेटसमोर उभा राहिलो. हात आडवे. तिने काच खाली केली. आवाज चढवला नाही. म्हणाली, बाजूला व्हा. तुम्ही उभे राहिलात तर मला थांबावं लागेल, आणि मला आता थांबायचं नाहीये.

मूठ वळली होती. बोनेटवर मारली असती. मारली नाही. का ते माहीत नाही. तिचा हात गिअरवर होता.

बाजूला झालो.

फाटकाशी तिने इंडिकेटर दिला. उगाच, मागे कुणी नव्हतं.

९ मे, दुपारी १२

टोपीवाल्याचं नवीन पॅनेल आलं. सकाळी त्याने हाक मारली, म्हणाला, एका हाताने मला जमत नाही, मनगट अजून नीट वळत नाही, तुम्ही धरा. मी धरलं. उन्हात. जड असतं. तो एकेक स्क्रू सावकाश बसवत होता. मी म्हटलं, इतका वेळ लागत नाही याला. तो म्हणाला, लागतो.

मध्येच त्याचा फोन वाजला. हिचा होता. माझ्या फोनवर सहा दिवसांत एकदाही नाही, पण इकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो. तो बाजूला जाऊन बोलला. दोन-तीन मिनिटं. मला पॅनेल सोडता येईना.

परत आल्यावर विचारलं, काय म्हणत होती. माझं काही?

तो म्हणाला, नाही, बॅटरीचं. विचारत होत्या, नीट सांभाळल्या तर ह्या नव्या बॅटऱ्या किती चालतील.

मग?

म्हटलं, पाच-सहा वर्षं कुठे जात नाहीत.

मग काय म्हणाली?

त्याने पुढचा स्क्रू उचलला. म्हणाल्या, तेवढी पुरतील.

मग म्हणाला, कोपरा जरा वर घ्या. घेतला.